कारखाना नव्या कंपनीकडे जाताना कामगारांचे हक्क आणि संप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णा-वारणेच्या काठचे साखर कारखाने भाड्यानं जातात, काही बँकेच्या लिलावात निघतात. कुपवाड, मिरज, तासवडे, शिरवळच्या एमआयडीसीत युनिटं हात बदलतात. दरवेळी सांगली-साताऱ्यातून येणारे प्रश्न मात्र बरेचसे तेच असतात. ते इथं एकत्र केले आहेत. उत्तरं एकेकटी वाचता येतील. जिथं दुसऱ्या प्रश्नाचा संबंध आहे तिथं त्याचा क्रमांक दिला आहे.

1. नवीन कंपनी आली की आमची नोकरी आपोआप तिच्याकडे जाते का?

नाही. मशिनरी, जमीन, गोदामातला माल विकता येतो, माणूस विकता येत नाही. मालकी किंवा व्यवस्थापन बदललं आणि तुमची तिथं सलग एक वर्ष सेवा झालेली असेल, तर कायदा तुम्हाला कपात झालेल्या, म्हणजे मालकानं नोकरीतून कमी केलेल्या कामगारासारखं धरतो. म्हणजे नोटीस आणि नुकसानभरपाई हा तुमचा हक्क होतो. याला एक अपवाद आहे, पण त्यात तीन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. सेवेत खंड पडलेला नसावा. नव्या मालकाकडच्या अटी आधीपेक्षा कुठंही कमी नसाव्यात. आणि पुढं कधी कपात झालीच, तर जुनी सेवा धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकावर कायदेशीररीत्या आलेली असावी.

घोळ तिसऱ्या अटीत होतो. पगार तोच आहे, काम तेच आहे, म्हणून सगळे निर्धास्त राहतात, आणि हस्तांतराच्या करारात सेवेबद्दल एक ओळही नसते. म्हणून पहिली मागणी पगारवाढीची नको, 'सेवा अखंड धरण्यात येईल' या वाक्याची हवी. ते करारातही हवं आणि तुमच्या वैयक्तिक पत्रातही.

2. 'मालक बदलला' म्हणजे नक्की काय? आमच्याकडे फक्त संचालक बदलले म्हणतात.

हे आधी तपासा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. कंपनीचे शेअर दुसऱ्यानं घेतले, पण कंपनी तीच राहिली, तर कायद्याच्या नजरेत मालक बदललेला नाही. तुमचा करार, सेवा, देणी सगळं आहे तिथंच राहतं. भरपाईचा हक्क उभा राहत नाही आणि नव्या नेमणूकपत्राची गरजही नाही. तरीही कुणी नवं नेमणूकपत्र पुढं करत असेल तर सावध व्हा.

युनिट विकलं, कारखाना भाड्यानं दिला, चालवायला दिला किंवा लिलावात गेला, तर ते हस्तांतर होय. कायद्यात 'मालकी किंवा व्यवस्थापन' असे शब्द आहेत, त्यामुळं मालकी सहकारी संस्थेकडेच राहून नुसता कारभार गेला तरी ते लागू होतं.

सोपी खूण हवी असेल तर पगारचिठ्ठी, पीएफचा आस्थापना क्रमांक आणि कारखाना परवाना या तिन्हींवर नाव कुणाचं आहे ते पाहा. तिन्हीकडे जुनंच नाव असेल आणि फाटकावर फक्त पाटी बदलली असेल, तर हस्तांतर झालं की नाही हे लेखी विचारा.

3. आता नेमका कोणता कायदा चालतो? जुना औद्योगिक विवाद कायदा गेला म्हणतात.

बरोबर. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहिता 2020 नं 1947 चा औद्योगिक विवाद कायदा, 1926 चा ट्रेड युनियन कायदा आणि 1946 चा स्थायी आदेश कायदा रद्द केला. हस्तांतराची तरतूद (जुन्या कायद्यातलं कलम 25 एफएफ) नव्या संहितेत जवळपास त्याच शब्दांत आहे.

राज्याचे दोन कायदे मात्र त्या रद्द झालेल्यांच्या यादीत नाहीत. एक 1971 चा, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांबाबतचा. कामगारांच्या तोंडी तो 'एमआरटीयू'. दुसरा 1946 चा औद्योगिक संबंध कायदा, म्हणजे 'बीआयआर', जो साखर धंद्याला लागू आहे. म्हणून पाऊल टाकताना केंद्र आणि राज्य दोन्हींच्या अटी पाळा. जिथं एक कायदा कडक आणि दुसरा सैल आहे, तिथं कडक धरून चला. अर्जांचे नमुने बदलत राहतील. कोणता नमुना चालू आहे ते सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्या.

तुमचं हस्तांतर 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीचं असेल, तर हक्क त्या वेळच्या कायद्यानं ठरतो.

4. एचआर म्हणतं, आधी राजीनामा द्या, मग नवीन ऑर्डर मिळेल. सही करू का?

सर्वात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि सर्वात जास्त नुकसानही इथंच होतं. राजीनामा दिला की तुम्ही स्वतःहून सेवा तोडली असा अर्थ निघतो. हस्तांतराची भरपाई जाते. नव्या कंपनीत तुम्ही पहिल्या दिवसाचे कामगार होता, बऱ्याचदा सहा महिन्यांच्या परीक्षाधीन मुदतीवर.

पुढं येणारा कागद साधारण असा असतो: 'मी स्वखुशीने दि. 31 ऑक्टोबर रोजी सेवेचा राजीनामा देत आहे. माझे संस्थेकडे कोणतेही येणे बाकी नाही.' या दोन ओळींत बावीस वर्षं संपतात. 'स्वखुशीने' आणि 'येणे बाकी नाही' हे दोन शब्द पुढं न्यायालयात वकील पहिल्यांदा वाचून दाखवतो.

काय करायचं:

– राजीनाम्याऐवजी संमतिपत्र द्या. त्यात लिहा की मूळ नेमणुकीच्या तारखेपासूनची सेवा, वेतनश्रेणी, शिल्लक रजा आणि ग्रॅच्युइटी अखंड धरून मी नव्या व्यवस्थापनाकडे काम करण्यास तयार आहे.
– पूर्ण आणि अंतिम हिशेबाच्या कागदावर सही करावीच लागली, तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं 'माझे सर्व कायदेशीर हक्क अबाधित ठेवून' असं लिहा आणि तारीख टाका. रक्कम कोऱ्या जागेत असेल तर सही करू नका.
– प्रत मागा. देत नसतील तर मोबाईलवर फोटो काढा.
– दबावाखाली सही झालीच असेल तर गप्प बसू नका. दोन-चार दिवसांत रजिस्टर पोस्टानं कळवा की ती सही दबावाखाली घेतली, सेवा सोडण्याचा माझा हेतू नव्हता. सहा महिन्यांनी कळवलेल्याला फारसं वजन राहत नाही.

तारखांकडेही पाहा. 31 ऑक्टोबरला मुक्त आणि 3 नोव्हेंबरला रुजू असं लिहिलं, तर मधल्या दोन दिवसांचा खंड कागदावर कायमचा बसतो. रुजू होण्याची तारीख 1 नोव्हेंबरच हवी.

5. मला नव्या कंपनीत जायचंच नाही. जबरदस्ती करता येते का?

नाही. संमतीशिवाय कामगाराला दुसऱ्या मालकाकडे काम करायला भाग पाडता येत नाही, आणि तो गेला नाही तर त्याला कपातीची भरपाई मिळते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये म्हटलं आहे. नकार मात्र हस्तांतराच्या आधी आणि लेखी द्या. दोन महिने नव्या कंपनीचा पगार घेतल्यावर नकार देता येणं अवघड.

उलट बाजूही आहे. भरपाई घेतली की नव्या मालकानं मला कामावर घ्यावंच असा हक्क उरत नाही. आंध्रातल्या अनकापल्लीत सहकारी संस्थेनं साखर कंपनीचा कारखाना विकत घेतला, तेव्हा हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि निकाल असाच लागला. एका हातानं भरपाई आणि दुसऱ्या हातानं नोकरी, असं दोन्ही मागता येत नाही.

6. भरपाई किती, आणि ती देणार कोण?

दर पूर्ण वर्षाला 15 दिवसांचं सरासरी वेतन, आणि सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्या तुकड्यालाही एक वर्ष. शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये आणि सेवा 22 वर्षं असेल, तर अर्ध्या महिन्याचे 13,000 धरून 2,86,000 रुपये होतात. यात ग्रॅच्युइटी धरलेली नाही, ती वेगळी (प्रश्न 9).

देणारा जुना मालक. अडचण अशी की बहुतेक हस्तांतरं जुना मालक गाळात गेल्यामुळंच होतात. म्हणून विक्रीच्या रकमेतून कामगारांची देणी आधी बाजूला काढून ठेवायला लावा. त्यासाठी ताबा जाण्याआधी उठाव लागतो. एकदा पैसे कर्जखात्यात वळले की मागं वळत नाहीत.

7. आमचा चौदा महिन्यांचा पगार थकला आहे. नवीन कंपनी म्हणते, तो आमचा प्रश्न नाही.

करारात तिनं जबाबदारी घेतली नसेल, तर तिच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं. थकीत पगार हे मूळात जुन्या मालकाचं देणं. पीएफची गोष्ट निराळी (प्रश्न 8).

ताब्याच्या आधी एक काम करून घ्या. टाइम ऑफिस आणि अकाउंट्सकडून थकबाकीचा तक्ता तयार करून त्यावर अधिकाऱ्याची सही आणि शिक्का घ्या. तिकीट नंबर, नाव, महिना, देय रक्कम, दिलेली रक्कम, बाकी, एवढे रकाने पुरतात. ताबा गेल्यावर मस्टर कुठल्या खोलीत पडलं आहे हे कुणालाच माहीत नसतं, आणि 'एवढी रक्कम थकली होती' हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं.

वेतन संहितेखाली दावा करायला आता तीन वर्षांची मुदत आहे, आधी ती एकच वर्ष होती. रक्कम वादातीत असेल तर वसुली दाखला मिळतो आणि जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात.

8. पगारातून पीएफ कापला, पण भरलाच नाही. आता कुणाला धरायचं?

दोघांनाही. विक्री, भाडेपट्टा, परवाना, कुठल्याही मार्गानं हस्तांतर झालं, तरी त्या तारखेपर्यंतच्या पीएफच्या थकबाकीला जुना आणि नवा मालक संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतात. नव्या मालकाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपुरती. ईएसआयलाही (कामगार विमा) हाच नियम.

बँकेचा बोजा असला तरी घाबरू नका. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये ठरवलं की तारण साखरेवर राज्य सहकारी बँकेच्या दाव्याआधी पीएफच्या देण्याचा हक्क येतो.

सांगली जिल्ह्याची तक्रार कोल्हापूरच्या पीएफ कार्यालयात जाते. सोबत पगारचिठ्ठ्या जोडा (कपात दिसली पाहिजे) आणि पासबुकाची छापील प्रत जोडा (भरणा न झालेले महिने दिसले पाहिजेत). नव्या कंपनीत यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवा, नवा काढू देऊ नका. जुन्या खात्यातली रक्कम काढू नका, वर्ग करा. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, आणि मध्येच पैसे काढणाऱ्यांची ती तुटते.

9. ग्रॅच्युइटी जुन्या कंपनीकडून घ्यायची की नव्याकडे पुढं न्यायची? हंगामी कामगाराचं काय?

सेवा अखंड धरली जाणार असेल तर पुढं नेणं फायद्याचं, कारण हिशेब शेवटच्या पगारावर होतो. 26,000 रुपये आणि 22 वर्षांचा आजचा हिशेब: 26,000 ला 26 नं भागा, 15 नं गुणा, म्हणजे 15,000. गुणिले 22, म्हणजे 3,30,000 रुपये. दहा वर्षांनी पगार 40,000 झाला, तर हीच 22 वर्षं त्या पगारावर मोजली जातील. कायदेशीर कमाल मर्यादा 20 लाख.

नवी कंपनी 'मागची ग्रॅच्युइटी आमची नाही' असं लेखी म्हणत असेल, तर जुन्या मालकाकडं लगेच अर्ज करा. देय झाल्यापासून 30 दिवसांत ती द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागतं.

हंगामी कामगाराला, म्हणजे जो बारमाही कामावर नसतो त्याला, दर हंगामाला 7 दिवसांचं वेतन. त्याच पगारावर 22 हंगामांचे 1,54,000 होतात. निम्म्याहूनही कमी. म्हणून ऑफ-सीझनमध्ये ओव्हरहॉलिंगला बोलावलेले पॅनमन, फिटर, टर्नर, बॉयलर अटेंडंट यांनी त्या महिन्यांच्या हजेरीचा पुरावा जपावा. नव्या कंपनीच्या यादीत तुमच्या नावापुढं 'हंगामी' लागलं की बारमाही, हे सही करण्याआधी वाचा. हंगामी आस्थापनेत सलग सेवा मोजताना ती चालू असलेल्या दिवसांपैकी 75 टक्के दिवस काम पुरतं, 240 दिवसांची अट तिथं नाही.

10. जुन्या मालकाशी झालेला वेतनकरार नव्यावर बंधनकारक असतो का?

करार कुठं झाला त्यावर अवलंबून. समेट अधिकाऱ्यासमोर (मालक-कामगार वाद मिटवायला बसणारा सरकारी अधिकारी) झालेला करार मालकाच्या वारसांवर, उत्तराधिकाऱ्यांवर आणि ज्याला आस्थापना दिली त्याच्यावरही बंधनकारक असतो, आणि सगळ्या कामगारांना लागू होतो, युनियनचे सभासद असोत वा नसोत. कचेरीत बसून दोन्ही बाजूंनी सह्या केलेला खासगी करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो.

आज तुमच्याकडं खासगी करार असेल आणि हस्तांतराची कुजबुज सुरू असेल, तर तो समेट अधिकाऱ्यासमोर नेऊन तिथं नोंदवून घ्या. दोन बैठकांचं काम आहे. युनियनकडून हेच बहुतेकदा राहून जातं. साखर कारखान्यांना राज्यपातळीवरच्या त्रिपक्षीय समितीचा वेतनकरारही असतो. भाड्यानं घेणाऱ्या कंपनीनं तो मान्य केल्याचं कलम भाडेकरारात आहे का ते पाहा.

11. नव्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात पाळ्या बदलल्या आणि एक भत्ता बंद केला. चालतं का?

वेतन, भत्ते, कामाचे तास, पाळ्या, रजा यांत बदल करायचा तर 21 दिवसांची आगाऊ नोटीस लागते. नोटीस नसेल तर लेखी हरकत घ्या. 'हरकत राखून काम करत आहे' असं कळवून कामावर जात राहा, घरी बसू नका. याच विषयावर समेटाची कारवाई चालू असेल, तर त्या काळात कामगारांचं नुकसान होईल असा बदल करायला बंदीच आहे. करार मोडला असेल तर 1971 च्या एमआरटीयू कायद्याखाली तक्रार होते (मुदतीसाठी प्रश्न 20).

12. संपाची नोटीस कशी आणि किती दिवस आधी द्यायची?

14 दिवस आधी. नोटीस 60 दिवस जिवंत राहते, त्यानंतर नवी द्यावी लागते. पूर्वी हे बंधन केंद्रीय कायद्यात फक्त सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांना होतं, आता प्रत्येक आस्थापनेला आहे. 1971 च्या कायद्यात तर 14 दिवस आधीपासूनच होते, शिवाय मान्यताप्राप्त युनियन असेल तर नोटीस देण्याआधी तिच्या सभासदांचं मतदान घेऊन बहुमत लागतं. गेटसभेत हात वर केले म्हणजे मतदान झालं असं समजू नका. सभासद यादी, मतपत्रिका आणि निकालाचा कागद ठेवा.

चुका तारखांत होतात, म्हणून उदाहरण. नोटीस 1 डिसेंबरला दिली.

– 15 डिसेंबरपर्यंत संप करता येत नाही. लवकरात लवकर 16.
– नोटिशीत जी तारीख लिहिली त्याआधीही नाही. 20 लिहिली आणि 17 ला गेट बंद केलं, तर संप बेकायदेशीर.
– समेट अधिकाऱ्यानं 8 डिसेंबरला पहिली बैठक घेतली, की त्या दिवसापासून समेट सुरू झाला असं धरलं जातं. समेट चालू असताना आणि संपल्यावर 7 दिवस संप करता येत नाही. संपाच्या नोटिशीवरचा समेट 14 दिवसांत आटोपायचा असतो. म्हणजे 22 डिसेंबरला अहवाल गेला तर 29 पर्यंत थांबायचं.
– 30 डिसेंबर ते 30 जानेवारी ही तुमची खिडकी.

ही खिडकी मालक बंद करू शकतो. समेट फसला की कुठलीही बाजू थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते, आणि तिथं प्रकरण चालू असेपर्यंत व नंतर 60 दिवस संप बेकायदेशीर ठरतो. चांगला सल्लागार असलेली कंपनी हे करतेच. आमचं मत असं की ताबा जाण्याआधीची नोटीस ताबा गेल्यानंतरच्या संपापेक्षा जास्त मिळवून देते. तेव्हा विकणाऱ्याला सही हवी असते, घेणाऱ्याला गडबड नको असते, आणि साखर कारखाना असेल तर बॉयलर पेटायचा मुहूर्त जवळ आलेला असतो.

नोटीस कंपनीला आणि समेट अधिकाऱ्याला, दोघांनाही द्या. हस्तांतराच्या काळात जुना आणि नवा दोन्ही मालकांना स्वतंत्र द्या. आवक शिक्का आणि तारीख असलेली प्रत जपा. आवक विभाग घेत नसेल तर रजिस्टर पोस्ट आणि ईमेल दोन्ही करा, आणि 14 दिवस पोच मिळाल्यापासून मोजा.

13. साखर कारखान्यातही असंच का?

एक पायरी जास्त आहे. 1946 च्या बीआयआर कायद्याखाली मागणीसाठी आधी 'बदलाची सूचना' द्यावी लागते, मग समेट, मग संपाचा विचार. बोलणी करण्याचा अधिकार प्रातिनिधिक संघटनेचा, म्हणजे त्या कायद्याखाली तशी नोंद झालेल्या युनियनचा. तिच्या परवानगीशिवाय चार खात्यांनी मिळून केलेला संप टिकत नाही. वैयक्तिक तक्रारीत, जसं कामावरून काढणं, आधी मालकाला तीन महिन्यांच्या आत 'अप्रोच लेटर' द्यावं लागतं, त्याशिवाय कामगार न्यायालय अर्ज घेत नाही. हे पत्र चुकल्यामुळं चांगली प्रकरणं पहिल्याच तारखेला पडतात. त्यात विशेष काही लिहायचं नसतं: केव्हा काढलं, ते का चुकीचं आहे, आणि कामावर परत घ्या.

14. संप न करता सामूहिक रजा टाकली, किंवा संथ काम केलं तर?

नव्या संहितेत एका दिवशी पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून किरकोळ रजा टाकली, तर तो संपच. नोटीस नसेल तर बेकायदेशीर. मुद्दाम संथ काम, पाळी संपल्यावर आवारात ठिय्या, अधिकाऱ्याला घेराव, त्याच्या घरासमोर निदर्शनं, या गोष्टी 1971 च्या कायद्यात युनियनच्या अनुचित प्रथा म्हणून नावानिशी लिहिलेल्या आहेत. काळ्या फिती लावून पूर्ण काम करणं, पाळी सुटल्यावर गेटबाहेर सभा, धरणं यांना अडचण नाही. उसाच्या गाड्या अडवू नका. तिथं शेतकरी तुमच्या विरोधात जातो आणि पोलिसांना निमित्त मिळतं.

15. संप बेकायदेशीर ठरला तर नोकरी जाते का?

आपोआप नाही. काढायचं तर आरोपपत्र आणि खातेचौकशी लागतेच. कामगाराला 1,000 ते 10,000 रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. चिथावणी देणाऱ्याला दंड 10,000 ते 50,000. पगारातही फटका बसतो. दहा किंवा जास्त जणांनी मिळून विनानोटीस, सबळ कारणाशिवाय गैरहजेरी केली आणि सेवाशर्तीत तसं कलम असेल, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो.

1971 च्या कायद्यात एक दार उघडं आहे. न्यायालयानं संप बेकायदेशीर ठरवल्यावर 48 तासांत मागं घेतला, तर तो बेकायदेशीर धरला जात नाही. त्यामुळं निकालाच्या दिवशी युनियनचे पदाधिकारी जागेवर हवेत आणि 'संप मागे' चं पत्र तयार हवं.

कायदेशीर संपाचाही पगार हक्कानं मिळत नाही. संप कायदेशीर आणि समर्थनीय, दोन्ही असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 1994 मध्ये स्पष्ट केलं आहे.

16. आम्ही बाहेर असताना कंपनीनं बाहेरून माणसं आणली.

संप कायदेशीर असेल तर त्या काळात नव्या कामगारांची भरती ही मालकाची अनुचित प्रथा आहे. बसचे नंबर, वेळ, गेट रजिस्टरचे फोटो ठेवा. अंगावर जाऊ नका. संप बेकायदेशीर असेल तर हे संरक्षण नाही, म्हणून प्रश्न 12 पुन्हा वाचा.

17. मी ठेकेदाराकडे आहे. ठेकेदारही बदलला आणि कंपनीही. माझा मालक कोण?

कागदावर ठेकेदार. ठेका संपला म्हणून कंपनीत आपोआप कायम होता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये ठरवलं आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालानुसार कंपनी 'हा आमचा कामगारच नाही' म्हणत असेल, तर 1971 च्या कायद्याखालची तक्रार टिकत नाही. आधी नातं सिद्ध करावं लागतं आणि त्यासाठी मार्ग वेगळा. तिथं घाईनं तक्रार दाखल करून दोन-तीन वर्षं घालवू नका.

पगार मात्र ठेकेदारानं बुडवला तर मुख्य मालकाला, म्हणजे कंपनीला, द्यावा लागतो. पुरावा म्हणून गेटपास, सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप आदेश, सेफ्टी ट्रेनिंगच्या हजेरीवरची सही जपून ठेवा. ठेकेदार बदलतात, गेटपासवर कंपनीचं नाव राहतं.

18. मी ओव्हरसियर आहे, पगार 30,000. मलाही हे सगळं लागू आहे का?

पदाच्या नावावर जाऊ नका. देखरेखीचं काम आणि पगार 18,000 च्या वर, तर संहितेत तुम्ही 'कामगार' नाही. पण दिवसभराचं मुख्य काम स्वतः नोंदी करणं, मोजमाप घेणं, दुरुस्ती करणं असेल, तर नाव काहीही असो, कामगार धरलं जाण्याची शक्यता राहते. शेतकी विभागातल्या चिटबॉयला (उसाच्या नोंदी ठेवणारा) तर 'पर्यवेक्षक' म्हणून बाहेर ठेवणं कठीणच. पीएफ आणि ग्रॅच्युइटीला ही मर्यादा लागत नाही.

19. नवीन कंपनी म्हणते, तुमच्या युनियनला आम्ही ओळखत नाही.

1971 च्या कायद्यातली मान्यता औद्योगिक न्यायालय देतं, आणि काढायची तर तेच काढतं. मालकाच्या मर्जीवर नाही. केंद्राच्या संहितेत 51 टक्के सभासद असलेली युनियन एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. कुणाकडेच तेवढे नसतील तर 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी धरून परिषद बसते. वर्गणीच्या पावत्या आणि सभासद रजिस्टर हस्तांतराआधी अद्ययावत करा. नव्या पगारपत्रकातून वर्गणी कापणं बंद झालं की सभासदसंख्या कागदावरून उतरते. कामगार पतसंस्थेच्या हप्त्याचंही तेच. कपातीचं संमतिपत्र नव्या कंपनीकडे नव्यानं द्या, नाहीतर तीन महिन्यांनी थकबाकीची नोटीस घरी येते.

20. तक्रार करायला किती मुदत?

अनुचित प्रथेची तक्रार 90 दिवसांत. नोकरीवरून काढल्याचा वाद संहितेखाली दोन वर्षांत, आधी तीन वर्षं होती. समेट अधिकाऱ्याकडं अर्ज करून 45 दिवस झाले, की कामगार स्वतः न्यायाधिकरणात जाऊ शकतो. वेतनाचा दावा तीन वर्षं, साखर कारखान्यातलं अप्रोच लेटर तीन महिने. 'साहेब बघतो म्हणाले' म्हणून थांबलेले दिवस यातून वजा होत नाहीत.

21. कारखाना बँकेनं लिलावात विकला. किंवा अवसायक नेमला. मग?

सहकारी संस्था अवसायनात गेली (म्हणजे गुंडाळायला काढली) तर अवसायकाकडं, मुदत संपायच्या आत, तक्त्यासह (प्रश्न 7) दावा दाखल करा. कंपनी असेल आणि दिवाळखोरी संहितेखाली परिसमापन सुरू झालं, तर त्याआधीच्या 24 महिन्यांची कामगारांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीनं येतात. पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या निधीतली रक्कम त्या वाटपाच्या बाहेर राहते. लिलावाच्या जाहिरातीत 'जसे आहे तसे, जिथे आहे तिथे' असं छापलेलं असतं. त्यानं पीएफची जबाबदारी पुसली जात नाही.

22. भाड्याची मुदत संपून कारखाना पुन्हा संस्थेकडे आला. आता आमची सेवा कुठून मोजायची?

परत येणं हेही हस्तांतरच, त्यामुळं प्रश्न 1 ते 10 उलट दिशेनं पुन्हा लागू होतात. इथं दोन प्रकार दिसतात. कामगार संस्थेच्याच पटावर राहून कंपनीत 'प्रतिनियुक्ती'वर असेल, तर मालक सगळा काळ संस्थाच होती आणि सेवा तुटलेली नाही. कंपनीनं स्वतःची नेमणूकपत्रं दिली असतील, तर तिच्याकडून निघताना सेवा दाखला, शिल्लक रजेचा उतारा आणि पीएफची मुक्त तारीख घ्या, आणि संस्थेकडून मूळ नेमणुकीची तारीख धरणारं पत्र घ्या. भाड्याच्या काळातच रुजू झालेल्यांचं नाव संस्थेच्या जुन्या पटावर नसतं. त्यांची यादी तिकीट नंबरासह वेगळी करून ताबापावतीला जोडून घ्या. ताबापावतीत मिल, बॉयलर, टर्बाइन, वजनकाटा, मोटारी सगळं नंबरानिशी लिहिलेलं असतं.